‘सी’ कावीळ : यकृत कोणाचे लवकर बिघडते?

कावीळ म्हटली की आपल्याला पिवळे डोळे, पिवळी लघवी, गेलेली तोंडाची चव आणि महिनाभराचे पथ्य आठवते. घरात कोणी उसाचा रस पाजतो, तर कोणी पलीकडच्या गावी नेऊन कावीळ उतरवून आणतो. चुन्याच्या पाण्याने हात चोळले की पाणी पिवळे होते आणि घरच्यांना हायसे वाटते. ही कावीळ बहुधा ‘ए’ किंवा ‘ई’ या विषाणूंची असते व ती दूषित पाण्यातून येते. इचलकरंजीत २०१२ साली आलेली मोठी साथ ‘ई’ काविळीचीच होती. ही कावीळ काही जणांना जिवावर बेतते हे खरे. परंतु बहुतेक रुग्ण काही आठवड्यांत आपोआप बरे होतात आणि श्रेय उतरवणाऱ्याला मिळते.

आज ज्या काविळीविषयी लिहीत आहे ती या जातीची नव्हे. हिपॅटायटिस सी या आजाराला आपण ‘सी’ कावीळ म्हणतो खरे, पण त्यात डोळे सहसा पिवळे होतच नाहीत. हा विषाणू रक्तातून शिरतो, यकृतात ठाण मांडतो आणि वीस-तीस वर्षे गुपचूप आपले काम करीत राहतो. मोतीबिंदूच्या किंवा हर्नियाच्या ऑपरेशनपूर्वी रक्त तपासले जाते, किंवा रक्तदान शिबिरानंतर रक्तपेढीतून निरोप येतो आणि ‘एचसीव्ही पॉझिटिव्ह’ हे शब्द प्रथमच कानी पडतात.

त्यानंतर दवाखान्यात मला हमखास विचारला जाणारा प्रश्न असा : “डॉक्टरसाहेब, मला तर काहीच त्रास नाही. जेवण व्यवस्थित आहे, कामधंदा चालू आहे. मग औषध कशाला?” असे म्हणून अनेक जण तो रिपोर्ट घडी घालून कपाटात ठेवून देतात. त्रास नाही म्हणजे धोका नाही, असा त्यांचा समज असतो. हा समज किती घातक आहे आणि कोणासाठी अधिक घातक आहे, ते आज पाहू.

हा विषाणू आला कोठून?

‘ए’ही नव्हे आणि ‘बी’ही नव्हे अशी एक कावीळ रक्त दिल्यानंतर होते, हे १९७० च्या दशकातच डॉक्टरांच्या लक्षात आले होते. तिचा विषाणू मात्र १९८९ साली सापडला. या संशोधनाबद्दल हार्वी ऑल्टर, मायकेल हाउटन आणि चार्ल्स राइस या तिघांना २०२० सालचे वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. आपल्या देशात दात्याच्या रक्ताची ‘सी’साठी तपासणी २००१ पासून सक्तीची झाली. त्यापूर्वी बाळंतपणात, अपघातात किंवा ऑपरेशनमध्ये ज्यांना रक्ताच्या बाटल्या चढवल्या गेल्या, त्यांनी एकदा तरी ही तपासणी करून घ्यावी.

दुसरा मार्ग म्हणजे सुई. मी शिकत होतो त्या काळात काचेच्या सिरिंजा स्टोव्हवरच्या भांड्यात उकळून पुन्हा पुन्हा वापरल्या जात. उकळण्याला पुरेसा वेळ दिला जाई की नाही, हे ती सुई वापरणाऱ्यालाच ठाऊक! जत्रेत एकाच सुईने दहा जणांनी गोंदवून घेणे, न्हाव्याकडचा एकच वस्तरा, नशेसाठी सुई वाटून घेणे, वर्षानुवर्षे चाललेले डायलिसिस, थॅलेसेमियाच्या मुलांना वरचेवर द्यावे लागणारे रक्त, ही आणखी काही कारणे. आईकडून बाळाला हा आजार शंभरातील पाच-सहा वेळा होतो. एका ताटात जेवल्याने, मिठी मारल्याने किंवा एकाच पेल्यातून पाणी प्यायल्याने तो होत नाही, हे घरच्या मंडळींनी नीट लक्षात घ्यावे.

शंभरातील किती जणांना धोका?

समजा, शंभर जणांच्या शरीरात हा विषाणू शिरला. त्यातील सुमारे तीस जणांचे शरीर सहा महिन्यांच्या आत त्याला स्वतःच हाकलून लावते. उरलेल्या सत्तर जणांच्या शरीरात तो कायमचा मुक्काम करतो. या सत्तरांपैकी साधारण दहा ते वीस जणांना पुढच्या वीस वर्षांत सिरॉसिस होतो, म्हणजे यकृत घट्ट, खडबडीत होऊन आकसते. सिरॉसिस झालेल्या शंभर रुग्णांमागे दरवर्षी एक ते चार-पाच जणांना यकृताचा कर्करोग होतो.

म्हणजे बऱ्याच जणांच्या यकृताची वाट हळूहळू लागते आणि काहींची फार लवकर. विषाणू तोच असून हा फरक का पडतो?

एकच विषाणू, दोन रुग्ण

माझ्या पाहण्यातले दोन रुग्ण सांगतो. एका बाईंना १९९१ साली, वयाच्या चोविसाव्या वर्षी, बाळंतपणात रक्तस्राव होऊन दोन बाटल्या रक्त द्यावे लागले. २०१९ साली मोतीबिंदूच्या ऑपरेशनपूर्वी त्यांचा ‘सी’चा रिपोर्ट पॉझिटिव्ह आला. मधे अठ्ठावीस वर्षे गेली होती, तरीही यकृतावर अगदी थोडे व्रण होते. बारा आठवडे गोळ्या घेऊन त्या विषाणूमुक्त झाल्या.

दुसरे एक ट्रकमालक. १९९६ साली अपघातात त्यांना रक्त चढवले, तेव्हा वय चव्वेचाळीस. रोज संध्याकाळी एक क्वार्टर ठरलेली, पोट सुटलेले, पुढे मधुमेहही जडला. २०११ साली एका रात्री त्यांना रक्ताची उलटी झाली. तपासणीत सिरॉसिस निघाला आणि त्याच्या मुळाशी ‘सी’ विषाणू. त्या वेळी आजच्या गोळ्या नव्हत्या. दोन वर्षांत पोटात पाणी होऊन ते गेले. त्यांच्या यकृताला बाईंच्या निम्मीच वर्षे मिळाली होती.

हे केवळ नशीब नव्हे. फ्रान्समधील डॉ. पॉयनार व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९७ साली दोन हजारांहून अधिक रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. संसर्ग झाल्यापासून सिरॉसिस होईपर्यंतचा मध्यम काळ त्यांना ३० वर्षे आढळला. पण चाळिशीनंतर संसर्ग झालेल्या पुरुषांत तो अवघा १३ वर्षे होता, तर चाळिशीपूर्वी संसर्ग झालेल्या व मद्य न घेणाऱ्या स्त्रियांत ४२ वर्षे.

आयर्लंडमधील प्रकरणही असेच बोलके आहे. तेथे १९७७-७८ साली आर-एच निगेटिव्ह रक्तगटाच्या मातांना दिलेले अँटी-डी इंजेक्शन ‘सी’ विषाणूने दूषित असल्याचे पुढे उघडकीस आले. संसर्गानंतर सुमारे १७ वर्षांनी ३७६ स्त्रियांची तपासणी झाली. संसर्गाच्या वेळी त्यांचे सरासरी वय २८ होते. निम्म्या जणींच्या यकृतावर कमी-अधिक व्रण होते, पण सिरॉसिस किंवा त्याची दाट शक्यता केवळ सात जणींत आढळली आणि त्या सातांपैकी दोघींचे मद्यपान जास्त होते.

आपल्या हातात नसलेल्या गोष्टी

काही गोष्टी बदलता येत नाहीत. संसर्ग चाळिशीनंतर झाला असेल तर यकृत लवकर बिघडते. पुरुषांत ते स्त्रियांपेक्षा लवकर बिघडते, आणि स्त्रियांनाही पाळी गेल्यानंतर मिळणारे संरक्षण कमी होते. जितकी वर्षे विषाणू शरीरात राहील तितके व्रण वाढतात. या विषाणूचे अनेक प्रकार आहेत. आपल्या देशात सर्वांत जास्त आढळतो तो प्रकार ३. तो यकृतात चरबी साठवतो व व्रण लवकर वाढवतो. थॅलेसेमियाच्या रुग्णांच्या यकृतात वारंवारच्या रक्तामुळे लोह साठते, त्यामुळे त्यांना धोका अधिक. मूत्रपिंड बदललेल्या व प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे घेणाऱ्या रुग्णांचेही तसेच.

या यादीत आपण बसत असाल तर घाबरून जाऊ नका, पण तपासणी पुढे ढकलू नका. पंचावन्न वर्षांच्या पुरुषाने ‘पुढच्या दिवाळीनंतर बघू’ म्हणणे महागात पडते.

आपल्या हातात असलेल्या गोष्टी

पहिली आणि सर्वांत मोठी गोष्ट म्हणजे दारू. वरील फ्रेंच अभ्यासात दिवसाला ५० ग्रॅम किंवा त्याहून अधिक अल्कोहोल घेणाऱ्यांचे यकृत स्पष्टपणे लवकर बिघडत होते. व्हिस्की-रमच्या एका क्वार्टरमध्ये सुमारे ६० ग्रॅम अल्कोहोल असते, हे ध्यानात ठेवावे. म्हणजे ‘मी जास्त घेत नाही, रोज एक क्वार्टर फक्त’ असे म्हणणारा माणूस धोक्याची रेषा केव्हाच ओलांडून गेलेला असतो. आणि ५० ग्रॅमच्या खाली सारे माफ, असाही अर्थ काढू नये. ‘सी’ असलेल्या माणसासाठी दारूचे सुरक्षित प्रमाण शून्य. बिअर असो, देशी असो की घरची द्राक्षाची, यकृताला लेबल वाचता येत नाही.

दुसरी गोष्ट वजन आणि साखर. पोटावरची चरबी यकृतातही साठते. पुरुषाच्या कमरेचा घेर ९० सेंटिमीटरच्या वर आणि स्त्रीचा ८० च्या वर गेला की सावध व्हावे. मधुमेह आणि ‘सी’ यांची तर जुनी मैत्री आहे. हा विषाणू मधुमेहाची शक्यता वाढवतो आणि मधुमेह यकृतावरील व्रण व कर्करोग या दोन्हींची. म्हणून साखर ताब्यात ठेवणे हा यकृताच्या उपचाराचाच भाग समजावा.

तिसरी गोष्ट जोडीचे विषाणू. एचआयव्ही आणि हिपॅटायटिस बी हे ‘सी’च्याच वाटेने, रक्तातून येतात. एचआयव्ही सोबत असेल तर सिरॉसिसचा धोका सुमारे तिप्पट होतो, असे पूर्वीच्या अभ्यासांत दिसले आहे. नियमित एआरटी उपचाराने तो कमी करता येतो. म्हणून ‘सी’ पॉझिटिव्ह आलेल्या प्रत्येकाने एचआयव्ही आणि ‘बी’ या दोन्ही तपासण्या करून घ्याव्यात. ‘बी’ नसेल तर त्याची लस घ्यावी : आज एक, महिन्याने दुसरी आणि सहा महिन्यांनी तिसरी. ‘ए’च्या लसीबद्दलही डॉक्टरांना विचारावे. पावसाळ्यात पाणी उकळून प्यावे. आधीच दुबळ्या झालेल्या यकृतावर ‘ए’ किंवा ‘ई’ काविळीचा घाव बसला तर ते कोलमडू शकते.

चौथी गोष्ट औषधे. कावीळ म्हणून कोणी दिलेली बिनलेबलची पुडी, काढा, भस्म घेऊ नये. त्यात काय आहे हे तुम्हाला ठाऊक नसते आणि ते निस्तरावे यकृताला लागते. सिरॉसिस झालेल्यांनी गुडघेदुखीसाठी दुकानातून डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन यांसारख्या गोळ्या परस्पर घेऊ नयेत. त्यांनी मूत्रपिंड बिघडते व रक्तस्राव होऊ शकतो. गरज नसताना ‘शक्तीसाठी’ लोहाचे टॉनिकही नको. तंबाखू आणि विडी-सिगारेट सोडावी, हे वेगळे सांगायला नको.

यकृत किती बिघडले, हे कसे कळते?

पहिली तपासणी ‘अँटी-एचसीव्ही’. ती पॉझिटिव्ह आली म्हणजे विषाणू कधीतरी शरीरात आला होता एवढेच कळते. तो आजही आहे का, हे ‘एचसीव्ही आरएनए’ या तपासणीवरून कळते. ही दुसरी तपासणी केल्याखेरीज कोणी घाबरूही नये आणि निर्धास्तही राहू नये.

यकृताचे व्रण मोजायला आता दर वेळी सुईने तुकडा काढावा लागत नाही. रुग्णाचे वय, एसजीओटी, एसजीपीटी आणि प्लेटलेटची संख्या या चार आकड्यांवरून डॉक्टर ‘फिब-४’ नावाचे गणित करतात. या तपासण्या तालुक्याच्या लॅबोरेटरीतही होतात. गणिताचे उत्तर ३.२५ च्या वर आले तर व्रण बरेच वाढले असण्याची शक्यता मोठी. मोठ्या शहरांत फायब्रोस्कॅनची सोय असते.

येथे दोन सूचना. एसजीपीटी नॉर्मल आहे म्हणजे यकृत ठीक आहे, असे समजू नये. ‘सी’च्या अनेक रुग्णांत तो आकडा नॉर्मल असतो. दुसरे, डेंग्यूमुळे प्लेटलेट हा शब्द आता घरोघरी पोचला आहे. पण ताप नसताना प्लेटलेट वारंवार दीड लाखाच्या खाली येत असतील, तर यकृताची व प्लीहेची तपासणी करायला हवी.

विषाणू काढून टाकता येतो

आता खरी आनंदाची गोष्ट. पूर्वी या आजारावर इंटरफेरॉनची इंजेक्शने सहा महिने ते वर्षभर घ्यावी लागत. ताप, अशक्तपणा, निराशा असा त्रास होई, खर्च सामान्य माणसाच्या आवाक्याबाहेरचा असे आणि गुण येईलच याची खात्री नसे. भारतात २०१५ पासून सोफोसबुवीर व तिच्या जोडीच्या गोळ्या उपलब्ध झाल्या आणि चित्र पालटले. तोंडाने घ्यायच्या गोळ्या, बहुतेकांना बारा आठवडे, काहींना चोवीस. शंभरातील पंचाण्णवाहून अधिक रुग्ण बरे होतात. २८ जुलै २०१८ रोजी सुरू झालेल्या राष्ट्रीय व्हायरल हिपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रमात ही तपासणी व औषधे मोफत आहेत. आपल्या जिल्ह्याच्या सिव्हिल हॉस्पिटलमध्ये त्याची चौकशी करावी.

औषध सुरू होण्यापूर्वी आपण घेत असलेली प्रत्येक गोळी डॉक्टरांना दाखवा. हृदयाचे ठोके सुधारण्यासाठीचे अमिओडॅरोन, क्षयरोगावरील रिफॅम्पिसिन, फिट्सवरील काही औषधे आणि रोजची ॲसिडिटीची गोळीसुद्धा या उपचारात आडवी येऊ शकते. ‘बी’ची तपासणी आधीच व्हायला हवी, कारण ‘सी’ गेल्यावर दबून बसलेला ‘बी’ डोके वर काढू शकतो. गोळ्या संपल्यावर बारा आठवड्यांनी आरएनए पुन्हा तपासतात. तेव्हा विषाणू नसेल तर तो रुग्ण बरा झाला असे समजतात.

मात्र ज्यांना सिरॉसिस होऊन गेला आहे त्यांनी विषाणू गेल्यावरही दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी करावी. कर्करोगाचा धोका खूप कमी होतो, पण पूर्ण जात नाही. व्रण वाढण्यापूर्वीच उपचार घ्या असे मी म्हणतो ते याचसाठी.

हे दिसल्यास थांबू नका

पोट फुगून जलोदर होणे, पायांवर सूज, रक्ताची उलटी, डांबरासारखी काळी शौच, दिवसा झोप आणि रात्री जाग, बोलण्यात असंबद्धता, डोळे पिवळे होणे ही लक्षणे म्हणजे यकृत हात टेकू लागल्याची खूण. अशा रुग्णाला रात्र असो की सण, सरळ मोठ्या रुग्णालयात न्यावे. उतरवणाऱ्याकडे नेण्यात घालवलेला एक दिवस परत मिळत नाही.

वाचकांच्या शंका

“माझा आरएनए निगेटिव्ह झाला, पण अँटी-एचसीव्ही अजून पॉझिटिव्ह येते. औषध फुकट गेले का?” नाही. अँटी-एचसीव्ही आयुष्यभर पॉझिटिव्ह राहू शकते. बरे झाल्याचा आरएनए रिपोर्ट मात्र जपून ठेवा. पुढच्या ऑपरेशनच्या वेळी तो कामी येईल.

“एकदा बरे झाल्यावर पुन्हा होतो का?” होऊ शकतो. या आजाराची प्रतिकारशक्ती टिकत नाही आणि त्याची लसही अजून नाही. म्हणून दर वेळी नवी सुई, न्हाव्याकडे नवे ब्लेड, आणि साध्या सर्दी-तापाला इंजेक्शनचा आग्रह नको.

“बाळाला अंगावर पाजू का?” जरूर पाजा. स्तनाग्राला चीर पडून रक्त येत असेल तर मात्र ते बरे होईपर्यंत थांबावे. या गोळ्या गरोदरपणात सहसा देत नाहीत, म्हणून लग्न ठरलेल्या किंवा मूल हवे असलेल्या मुलींनी उपचार आधीच करून घ्यावेत.

वाचकहो, या आजारात वय आणि गेलेली वर्षे परत मिळत नाहीत. परंतु दारू सोडणे, वजन व साखर आवरणे आणि विषाणूच काढून टाकणे, या तीनही गोष्टी आपल्याला शक्य आहेत. घरात २००१ पूर्वी रक्त घेतलेले कोणी असेल तर त्यांना या आठवड्यात तपासणीला न्या. आणि कपाटात घडी घातलेला एखादा रिपोर्ट पडून असेल, तर तो बाहेर काढून सिव्हिलला घेऊन जा.